नवराबायको दोघांसाठी परवडणारी एमटीबी (माउंटन बाइक) घ्यायचीये, नेमकं काय बघायचं?

नवी_सायकलवाली

आम्ही दोघांनी एकदाचं सायकलिंग सुरू करायचं ठरवलंय. मी ५ फूट १ इंच, वजन ५० च्या आसपास, नवरा ५ फूट १० आणि ८२ किलो. तो शाळेत असताना सायकल चालवायचा, मला तोल सांभाळता येतो पण गिअरवाली कधी हातात घेतलेली नाही. चालवणार कुठे तर निम्मं डांबरी आणि निम्मं कच्चं, म्हणजे माती, खडी, झाडांची मुळं वर आलेली पायवाट आणि वाटेत एक चढ आहे जो चालत चढतानाच मला धाप लागते. उड्याबिड्या मारायच्या नाहीत.

बजेट बेताचं आहे, नवशिक्यांसाठी ज्या साध्या एमटीबी येतात त्यातल्याच दोन घेऊ, उद्या आवड टिकली तर पुढचं पुढे. प्रॉब्लेम असा झालाय की नवऱ्याने इतकं वाचून ठेवलंय की घरात दिवसभर फोर्क, ट्रॅव्हल, कॅसेट हेच चालू असतं आणि सायकल मात्र अजून एकही नाही. त्याला पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेलीच हवीये, आरामशीर म्हणून. मला वाटतं दोघांनी एकच मॉडेल घ्यावं म्हणजे सुटे पार्ट, पंप, ट्यूब सगळं एकच. २९ इंची चाकं घ्यायची का २७.५ची? २१ गिअरची चांगली का ९ गिअरची (मला तर २१ जास्त वाटतात)? आणि लेडीज सायकल असं काही खरंच असतं का? जाणकारांनी सांगा, जरा सोप्या भाषेत.

खडखड_मडगार्ड

ताई, मॉडेल, गिअर, शॉकअप हे सगळं नंतर, आधी साइज. तुमच्या दोघांच्या उंचीत नऊ इंचांचा फरक आहे त्यामुळे मॉडेल एक असलं तरी फ्रेम वेगळ्याच लागणार, तुम्हाला बहुतेक एक्सएस किंवा एस आणि त्यांना एल, किंवा एम आणि एलच्या मधे कुठेतरी. प्रत्येक कंपनीची साइज वेगळी, एकीची एम ती दुसरीची एल, म्हणून त्या त्या मॉडेलचा तक्ता बघायचा आणि तो नुसत्या उंचीवर न बघता पायाच्या आतल्या लांबीवर बघायचा. भिंतीला टेकून उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमधे सीटसारखं घट्ट वर दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. सारख्या उंचीच्या दोन माणसांत हे माप बरंच वेगळं निघू शकतं.

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी करा. सायकलच्या मधल्या दांडीवर दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभ्या राहा, दांडी आणि तुमच्यात दीड-दोन इंच मोकळी जागा हवी, कच्च्या रस्त्यावर अचानक पाय टेकायला लागतो तेव्हा ही जागा नसेल तर काय होतं ते सांगायला नको. मग सीटवर बसा (कुणालातरी सायकल धरायला सांगा), टाच पेडलवर ठेवून पेडल एकदम खाली न्या, पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे, म्हणजे मग पंजा ठेवल्यावर गुडघा थोडासा वाकलेला राहतो. नवीन माणसं सीट फार खाली ठेवतात, बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकावेत म्हणून, आणि मग गुडघे दुखले की सायकलला नावं ठेवतात. तिसरं म्हणजे हात. हँडल धरल्यावर कोपर ताठ होत असतील आणि खांदे कानाकडे चढत असतील तर फ्रेम लांब पडतेय. थोडाफार फरक छोटा स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) लावून निघतो पण साइजच चुकली तर स्टेम तरी किती करणार.

स्वस्तात मिळतेय, शेवटचा पीस आहे, एक साइज मोठी आहे पण सीट खाली करून देतो असं कोणी म्हणालं की उठायचं आणि चालायला लागायचं. सीट खाली होते, दांडी खाली होत नाही.

चाकांचं म्हणाल तर तो प्रश्न बऱ्याचदा कंपनीनेच सोडवलेला असतो. ट्रेकची मार्लिन किंवा स्पेशलाइज्डची रॉकहॉपर घ्या, लहान फ्रेमला २७.५ची चाकं देतात आणि मोठीला २९ची. कारण साधं आहे, छोट्या फ्रेममधे २९चं चाक कोंबलं की हँडल उंच जातं आणि वळताना पायाचा पंजा पुढच्या चाकाला लागू शकतो. मोठं चाक खड्ड्यावरून, मुळांवरून सहज जातं हे खरं आहे, पण तुमच्या उंचीला २७.५ बिनधास्त घ्या, नवऱ्याला २९.

डांबरप्रेमी

मी वेगळं बोलणार आहे, चालवून घ्या. निम्मा रस्ता डांबरी आहे, उड्या मारायच्या नाहीत, मग एमटीबी कशाला? ४० ते ४५ मिमी टायरची शॉकअप नसलेली हायब्रीड (रोड सायकल आणि एमटीबीच्या मधली) घ्या, त्याच पैशात गिअर आणि ब्रेक एक पायरी वरचे येतात आणि सायकल दोन-तीन किलो हलकी मिळते. स्वस्त एमटीबीचा पुढचा शॉकअप म्हणजे अडीच किलोचा लोखंडी नखरा, त्याच्या जागी साधा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्या) किलोभराचा असतो. जाड खाचांचे टायर डांबरावर घूं घूं आवाज करत तुमचा जीव काढणार आणि महिन्याभरात सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायला.

चढावर_शेवटची

डांबरप्रेमी, गुळगुळीत कच्चा रस्ता असता तर मीही हेच म्हणाले असते, पण त्यांनी मुळं वर आलेली पायवाट लिहिलंय आणि त्या नवीन आहेत. नवीन माणसाला अशा वाटेवर २.२ इंची टायर जो धीर देतो तो ४० मिमी देत नाही. डांबरावर आवाज आणि थोडी जास्त मेहनत हे मान्य, त्यावर उपाय म्हणजे मधे गुळगुळीत पट्टी आणि कडेला खाचा असलेले टायर, नंतर बदलता येतात. एमटीबीवर बारीक टायर चढवता येतो, हायब्रीडच्या फ्रेममधे जाड टायर शिरतच नाही.

आता ताई तुमच्यासाठी, कारण मी तुमच्याच अंगापिंडाची आहे आणि दुकानात बहुतेक सगळे सल्ले ८० किलोच्या पुरुषाला डोळ्यासमोर ठेवून दिले जातात. साधी एमटीबी १५ किलोच्या आसपास भरते. नवऱ्याच्या वजनाच्या मानाने ते १८ टक्के, तुमच्या वजनाच्या ३० टक्के. एकच चढ, एकच सायकल, पण वजनाच्या मानाने तुम्ही दीडपटीहून जास्त ओझं ओढताय. म्हणून दोघांना एकच मॉडेल ही कल्पना दिसायला गोड असली तरी माझं मत स्पष्ट आहे, दोन सायकलींत पैसे सारखे वाटू नका. तुमची सायकल एक पायरी वरची घ्या आणि त्यांची साधी. लोक नेमकं उलटं करतात, ज्याने वाचलंय त्याला भारी सायकल आणि बायकोला 'सुरुवातीला ही चालेल', मग ती मागे पडते, तो पुढच्या वळणावर थांबून फोन बघत बसतो, ती पोचली की हा ताजातवाना होऊन लगेच निघतो आणि तिला विश्रांती म्हणून मिळतच नाही. जोडीने सायकल चालवणं बंद पडतं ते इथे.

शॉकअपचं पण तसंच. स्वस्त फोर्कमधे स्प्रिंग असते आणि ती कंपनीने मधल्या वजनाच्या माणसासाठी ठरवलेली असते. ५० किलोच्या माणसाखाली ती जेमतेम हलते. वर जी प्रीलोडची चकती असते ती फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही, फक्त ती आधीपासून किती दाबलेली आहे ते बदलतं. हवेचा फोर्क असेल तर पंपाने तुमच्या वजनाइतकी हवा भरता येते, १०० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणारा) फोर्क तुम्ही नुसत्या बसल्यावर २० मिमीच्या आसपास दबला पाहिजे. म्हणून हवेचा फोर्क एकालाच परवडत असेल तर तो तुमच्या सायकलला. नवरोबांना स्प्रिंग चालेल, त्यांच्या वजनाला ती निदान हलेल तरी.

ब्रेकचा दांडा धरून बघा हे कोणी सांगत नाही. हात लहान असेल तर बोटं दांड्यापर्यंत पोचतच नाहीत आणि उतारावर पूर्ण पंजा ताणून ब्रेक धरून ठेवायला लागतो, दहा मिनिटांत मनगट बोंबलतं. बहुतेक दांड्यांवर आतल्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की दांडा हँडलच्या जवळ येतो. दुकानातच करून मागा आणि एका बोटाने दाबून बघा, तर्जनीचं पहिलं पेर दांड्यावर आरामात बसलं पाहिजे. हायड्रॉलिक (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक असतील तर तेवढंच बोट पुरतं.

लेडीज सायकलबद्दल: जायंट कंपनीचा लिव्ह म्हणून बायकांसाठी वेगळा ब्रँडच आहे आणि सायकली चांगल्या आहेत, पण ते लेबल बघून घेऊ नका आणि ते नाही म्हणून सोडूही नका. फ्रेम अंगाला बसली की झालं. फरक पडतो तो सीटचा. आपली बसायची हाडं जास्त रुंदीवर असतात, सीट अरुंद असेल तर वजन नको तिथे येतं. फार गुबगुबीत सीट घ्यायचा मोह होईल, तिच्यात बूड रुततं आणि जास्त घासतं. रुंदी बरोबर हवी, गादी बेताची.

नवी_सायकलवाली

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून थँक्यू. 'पुढच्या वळणावर थांबून फोन बघत बसतो' हे नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, तो म्हणतोय मी अजून सायकल घेतलीपण नाही तर आरोप सुरू 😀

अजून एक, एक जण २१ गिअरची एमटीबी सुचवतोय, आणि सेकंडहँडमधे २ गुणिले ९ वाली (पुढे २ आणि मागे ९ चकत्या) एक आहे जी त्याच पैशात येतेय. सेकंडहँड घ्यावी का? आम्हाला दोघांनाही त्यातलं काही कळत नाही, फसायची भीती वाटते.

अ‍ॅलन_की_५

आधी गिअर. गिअर किती यावर जाऊ नका, सगळ्यात हलका गिअर किती हलका ते बघा. हिशोब सोपा आहे, पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात. २१ गिअरच्या स्वस्त सायकलला बऱ्याचदा पुढे २४ आणि मागे २८ असतात, उत्तर ०.८६. पुढे एकच ३२ची चकती आणि मागे ४६ असेल तर ०.७०. तुमच्या त्या २ गुणिले ९ ला पुढे २२ आणि मागे ३६ असतील तर ०.६१. ताईंच्या २७.५च्या चाकाचा घेर साधारण २.२ मीटर धरा, म्हणजे पेडलच्या एका फेरीत २१ गिअरवाली त्यांना १.९ मीटर पुढे ढकलायला लावणार आणि ती २ गुणिले ९ वाली १.३५ मीटर. चालत धाप लागणाऱ्या चढावर हा फरक म्हणजे बसून चढायचं का उतरून ढकलायचं एवढा आहे. २१ मधले बरेचसे गिअर तसेही एकमेकांच्या डोक्यावर बसलेले असतात.

२१ गिअरच्या सायकलची खरी अडचण तिच्या मागच्या चाकात असते. ७ चकत्यांचं फ्रीव्हील आट्यांवर हबला (चाकाच्या मधल्या भागाला) घट्ट बसवलेलं असतं, त्यामुळे उजव्या बाजूची बेअरिंग आत राहते आणि अ‍ॅक्सलचा बराच भाग आधाराशिवाय. जड माणूस खड्ड्यात आदळत राहिला की अ‍ॅक्सल वाकतो, मोडतोसुद्धा. नवरा ८२ किलो आणि वाट मुळांची, मी तरी नाही घेणार. कॅसेट असेल तर बेअरिंग पार बाहेरच्या टोकाला असते. ओळखायचं कसं ते दाखवतो: मागच्या चकत्या हाताने उलट्या फिरवा आणि त्यांच्या मधोमध जिथे पान्हा लागतो त्या खाचांकडे बघा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, चकत्या फिरतात आणि खाचा जागेवर थांबल्या तर फ्रीव्हील. विकणारा काहीही म्हणो. नवीन घेत असाल तर शिमानोच्या खालून वर पायऱ्या टूर्नी, आल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओरे अशा आहेत, तुमच्या वापराला आल्टसपासून वर काहीही छान, आता नव्या सायकलींवर क्यूज म्हणूनही येतं ते पण चांगलं.

ब्रेक शक्य असेल तर हायड्रॉलिक. शिमानोचे एमटी२०० हे साधे आणि खूप सायकलींवर येतात, काही वाईट नाहीत. तारेचे डिस्क ब्रेक असतील तर त्यातल्या स्वस्तांमधे एकच पॅड हलतो आणि डिस्कला वाकवून दुसऱ्यावर दाबतो, त्यामुळे आतला पॅड अधूनमधून हाताने सरकवावा लागतो, तेवढं शिकून घ्या. आणि नवीन डिस्क ब्रेक पहिल्या दिवशी लागत नाहीत म्हणून घाबरू नका. मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घेऊन जवळजवळ थांबेपर्यंत दाबायचं, पूर्ण थांबू द्यायचं नाही, असं पंधरा-वीसदा केलं की पॅड डिस्कवर बसतात.

सेकंडहँड घ्या की, बघून घ्या. फूटपट्टी न्या. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा, नव्या चेनची २४ कड्या पुढची पिन बरोब्बर १२ इंचावर येते. ती १.५ मिमी पुढे गेली असेल तर चेन बदलायला झाली, ३ मिमी पुढे गेली असेल तर चेनबरोबर कॅसेटही गेली असं समजा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख वरखाली फिरवा, नख अडकलं तर ओरखडा आहे आणि आतलं सील लवकरच जाणार. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, हँडलखाली टक टक होत असेल तर हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) ढिला आहे, नुसता घट्ट करून भागतंय का ते विचारा. चाक कडेला धरून डावी-उजवीकडे हलवा, हबमधे खुळखुळ नको. हँडलच्या खाली जिथे दोन दांड्या येऊन जुळतात तिथे वेल्डिंगच्या कडेला रंगात बारीक रेघ दिसली तर कितीही स्वस्त असो, नको. आणि सीटची नळी ढिली करून वरखाली करून बघा, वर्षानुवर्षं न हललेली नळी आत जाम होते आणि मग तुमच्या मापाला येतच नाही. पेडलच्या मधल्या बेअरिंगखाली फ्रेमचा नंबर असतो, तो खरवडलेला असेल किंवा बिल नाही म्हणाला तर चोरीची असू शकते, सोडून द्या.

अर्थात ती सेकंडहँड तुमच्यापैकी एकाच्या साइजची असेल तरच हा सगळा खटाटोप. कुठली साइज आहे ते लिहिलं नाहीत.

नवी_सायकलवालीचा_नवरा

नमस्कार, तो मीच. सेकंडहँडवाली एस आहे म्हणजे हिचीच, उद्या फूटपट्टी घेऊन जातोय. माझा प्रश्न अजून तिथेच आहे, मागचा शॉकअप असेल तर पाठीला हादरे कमी बसणार हे तर फिजिक्स आहे ना, मग सगळे स्वस्त फुल सस्पेन्शनला नको का म्हणतात? मला एक मिळतेय, हार्डटेलच्याच (फक्त पुढे शॉकअप असलेलीच्या) किमतीत.

अ‍ॅलन_की_५

हार्डटेलच्याच किमतीत आहे हेच कारण. मागचा शॉकअप, त्याचे सांधे, त्यातल्या बुश, जास्तीची फ्रेम हे सगळं फुकट येत नाही, ते पैसे ब्रेक, गिअर आणि चाकांतून कापलेले असतात. फिजिक्सचं म्हणाल तर स्प्रिंग फक्त हादरा साठवते, तो जिरवायला आत तेलाचं डॅम्पिंग लागतं, स्वस्त शॉकमधे ते नसतंच किंवा नावाला असतं, म्हणजे खड्डा गेल्यावर सायकल तुम्हाला परत वर फेकते आणि चढावर प्रत्येक पेडलला बसकण मारते. थोड्या दिवसांनी सांधे ढिले होतात आणि मागचं चाक स्वतःच्या मनाने वळायला लागतं. अशा कित्येक सायकलींच्या फ्रेमवर किंवा पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कच्च्या वाटेसाठी नाही. जाऊन स्टिकर शोधा, गंमत वाटेल.

तुम्ही वाचणारे आहात म्हणून सांगतो, बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या पुस्तिकेत प्रत्येक मॉडेलला वापराचा वर्ग दिलेला असतो. २ म्हणजे कच्चे आणि खडीचे रस्ते, चाक जमिनीवरून सुटलं तर १५ सेंटीमीटरपर्यंत. ३ म्हणजे खडबडीत पायवाटा, ६१ सेंटीमीटरपर्यंत. तुम्हाला ३ वाली हार्डटेल बघा. आरामाचं काम टायर करतील.

चढावर_शेवटची

टायरवरून, हवा दोघांच्या सायकलीत सारखी भरू नका. टायरच्या कडेला ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेलं असतं ती कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची नसते. ट्यूब आहे असं धरून २.२च्या टायरला कच्च्यात ताईंना २५-२६ आणि तुम्हाला ३२ च्या आसपास पासून सुरू करा, डांबरावर जास्त अंतर असेल तर दोघांनी सात-आठ वाढवा. फार कमी केलीत तर मुळावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतील, तेव्हा दोन वाढवायची. पंप दोघांत एकच घ्यायचा तर व्हॉल्व दोन्ही सायकलींना कुठला आहे ते आधी बघा, एकीला जाडा आणि एकीला बारीक निघाला तर दोन्हीला चालणारा पंप घ्या. ट्यूब मात्र दोन साइजच्या लागतील, अगदीच अडलं तर २७.५ची ट्यूब ताणून २९मधे घरी येईपर्यंत चालते.

आणि चढावर पुढे ताईंना ठेवा, मागे तुम्ही. मोबाइल खिशात.

नवी_सायकलवालीचा_नवरा

ओके, हार्डटेल. स्टिकर सापडलं तर फोटो टाकतो.